वरून अर्धा आटा

आमच्या भाऊजींनी बंद केलेली बरणी त्यांच्याशिवाय घरात कुणालाही उघडता येत नाही. माझ्या ताईच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण अजूनही साखर हवी असली की ती बरणी घेऊन त्यांच्या मागे मागे फिरते. नळांचं तेच. त्यांच्या हातून बंद झालेला नळ मी एकदा उघडायला गेले, तर दोन दिवस मनगट शेकत बसावं लागलं. बाटलीचं झाकण, खिडकीची कडी, सायकलचं सीट, कुठलीही वस्तू त्यांच्या हातात गेली की ती घट्ट होऊनच परत येते. "यांनी निजवलं तर बाळसुद्धा घट्ट निजायचं," असं ताई म्हणते. त्यांचा मुलगा लहानपणी खरंच न हलता झोपायचा.

भाऊजी लिफ्टचे मेकॅनिक. चौतीस वर्षं त्यांनी लिफ्टा बसवल्या आणि दुरुस्त केल्या. ताईला बघायला आले तेव्हा आम्ही पाचव्या मजल्यावर राहत होतो. सगळे लिफ्टने वर आले आणि नवरा मुलगा मागे राहिला. वीस मिनिटं झाली तरी पत्ता नाही. आईला वाटलं, मुलाच्या मनात नसणार, खालच्या खाली पळाला. मग घामाघूम होऊन जिन्याने वर आले आणि बसण्याआधी माझ्या वडिलांना म्हणाले, "तुमच्या लिफ्टचा डावा रूळ घासतोय. वॉचमनला सांगून बंद करून आलोय. दोन दिवस कुणी वापरू नका." ताईकडे त्यांनी नंतर पाहिलं. आई म्हणाली, "मुलगा विचित्र आहे, पण जबाबदार वाटतो." तेवढ्यावर लग्न ठरलं.

ही घट्ट करायची सवय कुठून आली, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. दुरुस्ती झाल्यावर लिफ्ट चालवून बघायला म्हणून ते आत उभे राहिले, आणि एक म्हातारी बाई पिशवी घेऊन मागोमाग शिरली. तिसऱ्या मजल्याजवळ एक बोल्ट सुटला आणि लिफ्ट वीतभर खाली घसरून थांबली. झालं काही नाही. बाई म्हणाली, "थांबली वाटतं," आणि उतरून चालायला लागली. पण तो बोल्ट भाऊजींनीच लावलेला होता. त्या दिवसापासून सगळं काम झालं, तपासून झालं, की चालू करायच्या आधी ते प्रत्येक नटावर पुन्हा एकदा पाना लावायचे आणि वरून अर्धा आटा, म्हणजे अर्धा फेरा जास्तीचा, द्यायचे. चौतीस वर्षांत पुन्हा काही सुटलं नाही. देवाची कृपा आणि अर्धा आटा, असं मी मानते. भाऊजी पहिल्या भागाबद्दल काही बोलत नाहीत.

निवृत्त झाल्यावर पहिल्या वर्षी त्यांनी घरातलं सगळं घट्ट केलं. दुसऱ्या वर्षी शेजाऱ्यांचं. तिसऱ्या वर्षी घट्ट करायला काही उरलं नाही, तेव्हा ते दुपारी सोसायटीच्या लिफ्टमधून उगाच वरखाली करायला लागले. मुलाला ते बघवेना. त्याने कुठून तरी चार खोकी मागवली आणि बाबांच्या पुढ्यात ठेवली. आत सुटे भाग होते, जोडायचं यंत्र. सीएनसी म्हणतात त्याला. कॉम्प्युटरमध्ये अक्षर किंवा नक्षी काढायची, मशीनला पाठवायची, आणि मशीन आपल्या आपण फिरणाऱ्या पात्याने ते लाकडात कोरून देतं. हौशी लोकांसाठी असतं, घरातल्या टेबलावर मावेल एवढं.

मागची खोली ताईची इस्त्रीची होती. चार महिन्यांत ती भाऊजींची झाली. ताई आता स्वयंपाकघरात ओट्यावर इस्त्री करते आणि "मी कुठे काही म्हणते का?" असं दिवसातून तीनदा म्हणते.

मी दोन गल्ल्या सोडून राहते, त्यामुळे रोज दुपारी माझी फेरी असते. ते यंत्र उभं राहताना मी पहिल्या स्क्रूपासून पाहिलं. टेबलाच्या दोन्ही कडांना दोन रूळ. त्या रुळांवर एक आडवा पूल, तो पुढेमागे जातो. पुलालाही रूळ, आणि त्यावर एक लहान गाडी डावी-उजवीकडे पळते. पातं त्या गाडीत बसवलेलं. गाडीची दोन चाकं रुळाच्या वर आणि दोन रुळाच्या खाली, म्हणजे चाकांनी रूळ चिमटीत धरलेला असतो. पुलाच्या दोन्ही टोकांना तशीच चिमूट. भाऊजी मला म्हणाले, "मेहुणीबाई, ही आडवी लिफ्ट आहे." इतके खूश मी त्यांना नातवाच्या वेळेलाही पाहिलं नव्हतं.

पहिल्यांदा त्यांनी पेल्याखाली ठेवायच्या लाकडी चकत्या केल्या. सगळ्या नात्यात वाटल्या. सगळ्यांनी "छान, छान" म्हटलं. कुणाच्याही घरी गेलं तरी पेल्याखाली चकती काही दिसायची नाही. भाऊजी जिथे जातील तिथे पेला उचलून खाली बघायचे.

मग एके दिवशी सूनबाईने त्यांना काम सांगितलं. ती दाताची डॉक्टर. इतकी वर्षं दुसऱ्यांकडे नोकरी केली, आता पलीकडच्या रस्त्याला गाळा घेऊन स्वतःचा दवाखाना काढत होती. जेवताना म्हणाली, "बाबा, दवाखान्याची पाटी तुम्ही कराल का? लाकडातच हवी मला."

भाऊजींनी ताटातून मान वर केली नाही. "कधी लागेल?"

"दोन आठवड्यांनी, गुरुवारी सुरू करतेय."

"मिळेल."

जेवण झाल्यावर हात धुतानाही चेहरा तसाच. पण ताईने मला नंतर सांगितलं की त्या रात्री त्यांनी मोबाइलवर स्वतःच्या मित्राला फोन लावून "एक ऑर्डर आलीय" असं सांगितलं.

पाटीवर मोठ्या अक्षरांत 'दाताचा दवाखाना' आणि खाली वेळा, एवढंच लिहायचं होतं. आता मराठी अक्षरांची एक गंमत मला तोवर माहीत नव्हती. नक्षी असली, पान-फूल असलं, तर मशीन जरासं हललेलं कुणाला कळत नाही. पण आपल्या अक्षरांना डोक्यावर रेघ असते. 'दवाखाना' म्हटलं की या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ. ती रेघ कोरताना गाडी किंचितही डुलली की लगेच उघडं पडतं. भाऊजींच्या पहिल्या फळीवर ती रेघ अशी आली होती की दवाखाना पाण्यात बुडतोय असं वाटावं.

"लाकूड ओलं असेल," भाऊजी म्हणाले.

दुसरं लाकूड आणलं. पुन्हा लाटा. मग जमीन सपाट नसल्याचा शोध लागला. पाणसळ लावून, टेबलाच्या पायांखाली पत्त्यांचे तुकडे सरकवून दोन दिवस टेबल सरळ केलं. पत्ते गेल्यामुळे आमचा रविवारचा डाव बंद पडला. गुण्या लावून पूल काटकोनात आहे का ते दहा वेळा पाहिलं. मग त्यांनी ठरवलं की घरातले धक्के मशीनला लागतात. पाटी कोरताना ताईने धुण्याचं मशीन लावायचं नाही. फोडणीसाठी खलबत्ता वापरायचा नाही. मला म्हणाले, "तुम्ही जरा हळू चाला."

"मी बसलेय, भाऊजी."

"मग बसून राहा."

खालच्या मजल्यावरच्या बाई सकाळी दोरीच्या उड्या मारतात. त्यांना सांगायला भाऊजी स्वतः गेले. त्या बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मी तर खाली राहते ना?" भाऊजींनी त्यांना हादरे वर कसे चढतात ते दारात उभं राहून अर्धा तास समजावलं. बाईंनी उड्या बंद केल्या. मला वाटतं, पुन्हा समजावून घ्यायला लागू नये म्हणूनच केल्या असतील.

रेघ काही सरळ झाली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी सूनबाई घरी आली. सातवी फळी टेबलावर होती. तिने ती उचलली, दिव्याखाली तिरकी धरली आणि गोड आवाजात म्हणाली, "छान झालीय, बाबा. अगदी हाताने केल्यासारखी वाटते."

तिच्या बाजूने ते कौतुकच होतं. पण मशीनने कोरलेल्या पाटीला असं म्हणणं म्हणजे लिफ्टमधून उतरून "जिन्याने आल्यासारखं वाटलं" असं म्हणण्यासारखं आहे. भाऊजींनी फळी तिच्या हातातून घेतली आणि उलटी करून ठेवली.

थोड्या वेळाने ती व्हरांड्यात फोनवर बोलत होती. पाटी करणाऱ्या दुकानदाराशी. "हो, तीन दिवस लागतील ना तुम्हाला? मग सोमवारी दुपारी बारापर्यंत सांगते. नाही हो, आत्ताच नको. घरी सासरे करतायत, त्यांचं मन मोडायला नको." मी आत चहाचे कप विसळत होते. मागे वळून पाहिलं तर दारात भाऊजी उभे. त्यांनीही ऐकलं होतं.

सूनबाई गेल्यावर मी म्हटलं, "अहो, तिने काही वाईट म्हटलं नाही. तुमचा विचार करूनच थांबलीय पोर."

"तेच तर," ते म्हणाले. "मेहुणीबाई, कामाच्या माणसाला कुणी 'छान' म्हणून उडवून लावतं का? वाकडं झालं तर वाकडं म्हणायचं. चौतीस वर्षं माझ्या साहेबाने मला कधी छान म्हटलं नाही. रूळ घासतोय म्हणायचा, दार अडकतंय म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मलाच बोलवायचा. हिला माझी पाटी नकोय. माझं मन सांभाळायचंय तिला. त्या चकत्यांसारखं."

मी माझ्या घरातली चकती कुठल्या कपाटात आहे, ते आठवत बसले.

शनिवारी मी लवकर गेले. भाऊजींनी मला चाकांचं गणित समजावलं, कारण ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. गाडीची वरची चाकं एका जागी पक्की. खालची चाकं मात्र एका तिरक्या नटावर बसवलेली असतात. तिरका म्हणजे त्या नटाचं भोक बरोबर मधोमध नसतं, जरा एका बाजूला असतं. त्यामुळे पान्याने नट फिरवला की चाक हळूहळू वर सरकतं आणि रुळाला बिलगतं. फार बिलगलं तर गाडी अडते आणि चाक झिजतं. कमी बिलगलं तर गाडी डुलते.

"आणि नेमकं किती, ते कसं कळतं?"

"बोटांनी. बघा." त्यांनी गाडी एका हाताने धरून ठेवली. "आता ते चाक दोन बोटांत धरून फिरवा. फिरायला हवं, पण नाराजीने. आपणहून भिरभिर फिरलं तर सैल. अजिबात हललं नाही तर घट्ट."

मी फिरवलं. फिरलं, पण नाराजीने. ताईला बाजारात चल म्हटल्यावर ती उठते तसं.

"मग हे बरोबर आहे की," मी म्हटलं.

"बरोबरच आहे. गाडीची दोन आणि पुलाच्या टोकांची चार, सहाही चाकं बरोबर आहेत. मी रोज लावतो."

मग त्यांनी फळी बसवली, इकडेतिकडे हात फिरवून सगळं नीट पाहिलं, आणि बटण दाबलं. मी धूळ ओढायची नळी धरून उभी होते. पातं गरगरलं, भुसा उडाला, आणि दवाखाना पुन्हा बुडायला लागला. बंद केल्यावर त्यांनी चाक बोटात धरलं, तर ते भिरभिरलं.

"बघा. आत्ता घट्ट होतं ना? तुम्ही स्वतः पाहिलंत."

"पाहिलं."

"आणि आता सैल. म्हणजे चालताना सुटतंय. थरथरीने नट फिरतोय." त्यांनी सगळे नट पुन्हा लावले, मी सगळी चाकं फिरवून पाहिली, सगळी नाराज होती. पुन्हा फळी, पुन्हा बटण. पुन्हा सैल. भाऊजी स्टुलावर बसले. दोन हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिले. ते असे बसले की मला भीती वाटते. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. अशा लहान गोष्टींसाठी देवाला त्रास द्यावा की नाही हे मला कळत नाही, पण ही गोष्ट कुणासाठी लहान होती?

रविवारी दुपारी ताई मागच्या खोलीत आली. चार महिन्यांत पहिल्यांदाच. हातात सूनबाईच्या नेलपॉलिशची लाल बाटली.

"नट लावून झाले?" तिने विचारलं.

"झाले. का?"

ती वाकली आणि पहिल्या नटावरून शेजारच्या पट्टीवर एक सरळ लाल रेघ ओढली. मग दुसऱ्या. सहाही नटांवर सहा रेघा. भाऊजी बघत राहिले.

"ही तर माझी युक्ती," ते म्हणाले. बोल्ट घट्ट केल्यावर ते लिफ्टमध्ये अशीच पिवळी रेघ मारायचे. बोल्ट हलला की रेघ तुटते, लांबून कळतं.

"तुमचीच आहे. तुमच्या शर्टांवरचा तो पिवळा रंग मी वीस वर्षं धुतलाय. आता चालवा. कळू दे कुठला नट सुटतोय."

भाऊजींना ते पटलं. त्यांच्या भाषेत कुणी त्यांच्याशी बोललं की त्यांना फार लवकर पटतं. फळी बसली, मशीन चाललं, पाटी बुडाली. मशीन थांबल्यावर तिघंही वाकलो.

सहाही रेघा तुटल्या होत्या. आणि प्रत्येक नटावरची रेघ बरोबर पलीकडच्या बाजूला गेली होती.

"सहाच्या सहा," भाऊजी चष्मा सारखा करत म्हणाले. "फारच थरथर आहे."

"अहो," ताई म्हणाली, "थरथरीने नट सुटला तर एखादा जास्त सुटेल, एखादा कमी. हे सहाजण काय कवायत करतायत का? सगळ्यांनी अर्धा म्हणजे अर्धाच फेरा मारलाय."

"मग कुणीतरी फिरवतंय."

"खोलीत आपण तिघंच आहोत."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी नळी दाखवली. दोन्ही हात त्यात होते माझे. मग ते ताईकडे बघायला लागले, पण तिच्याकडे त्या नजरेने बघायचं धाडस पस्तीस वर्षांत त्यांना झालेलं नाही. "मी तर हात लावला नाही," ते म्हणाले.

"तू पाहिलंस?" ताईने मला विचारलं.

तेव्हा मला आठवलं. मी पाहिलं होतं. शनिवारीही पाहिलं होतं आणि आत्ताही. बटण दाबायच्या आधी त्यांनी खिशातून पाना काढला होता आणि सगळ्या नटांवरून हात फिरवला होता. मला त्यात काही दिसलंच नाही, कारण भाऊजी तसं करणारच. देवाच्या तसबिरीपुढून जाताना माझा हात छातीशी जातो. आत्ता गेला होता का म्हणून कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही.

मी सांगितलं. भाऊजी म्हणाले, "शक्य नाही."

"परत लावा," ताई म्हणाली. "आणि आम्ही बघतो."

त्यांनी परत लावलं. एकेक नट, सावकाश. एकेक चाक बोटाने फिरवून. ताईने जुन्या रेघा पुसून नव्या ओढल्या. मग ते उठले, फळीवर फुंकर मारली, बटणाकडे वळले, आणि वळता वळता त्यांचा उजवा हात खिशात गेला.

"पाना," ताई म्हणाली.

ते थांबले. हात अर्धा बाहेर आला होता, पान्यासकट. त्यांनी त्या हाताकडे असं पाहिलं की जणू तो दुसऱ्याचा आहे आणि चुकून त्यांच्या खिशात सापडलाय. मग त्यांनी मुद्दाम, बघून, एका नटाला अर्धा आटा दिला. चाक बोटात धरलं. भिरभिरलं.

"अगं," ते हळूच म्हणाले, "याचं भोक तिरकं आहे. अर्धा फेरा दिला की हा चाकाला वर नेत नाही, जिथून आणलं तिथे खाली नेऊन सोडतो."

"म्हणजे घट्ट करायला जाता आणि सैल होतं."

"मीच करतोय."

ताई या वेळी काही लागट बोलेल असं मला वाटलं होतं. आठ दिवस धुणं अडलं होतं तिचं. ती म्हणाली, "चहा टाकते."

सोमवारी मी दहा वाजता पोचले. बारापर्यंतची वेळ तिघांनाही माहीत होती, कुणी तो विषय काढला नाही. शेवटची चांगली फळी उरली होती. भाऊजींनी नट लावले, चाकं तपासली, आणि पाना ताईच्या हातात दिला. "तुझ्याजवळ ठेव. माझ्या हाताचा भरवसा नाही."

ताईने तो कमरेला खोचला. भाऊजी बटणाकडे गेले, आणि त्यांच्या डाव्या खिशातून पक्कड निघाली.

"तीपण द्या."

त्यांनी दिली. मग ताईने त्यांचे सगळेच खिसे रिकामे करायला लावले. शर्टाच्या खिशातून एक छोटा पाना आणखी निघाला, तो तिथे कसा आला हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. तरीही हात मोकळेच होते, आणि भाऊजींची बोटं पान्याशिवायही नट फिरवू शकतात हे बरण्यांमुळे आम्हाला ठाऊक होतं. शेवटी मी माझ्या हातातली धुळीची नळी त्यांना दिली. "दोन्ही हातांनी धरा. बटण मी दाबते."

त्यांच्या कपाळावर घाम आला होता. खरा घाम. "शेवटचा हात न फिरवता मी कधी काही चालू केलं नाही," ते ताईला म्हणाले. "सुटलं तर?"

"सुटलं तर पाटी वाया जाईल," ताई म्हणाली. "आत कुणी बसलेलं नाही."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे बघून मान हलवली. मी बटण दाबलं.

पन्नास मिनिटं ते नळी धरून उभे होते. एकदाही हात सोडला नाही. नळीवर बोटांचे वळ उठले असतील. पातं या टोकापासून निघालं आणि त्या टोकापर्यंत गेलं, आणि मागे जी रेघ राहिली ती सरळ होती. धुळीतूनही दिसत होती. कोरून झाल्यावर ताईने पोलादी पट्टी आणून रेघेला लावली, खाली उजेड दिसतो का पाहिलं. भाऊजी लांबून विचारत होते, "दिसतोय? दिसतोय का?" स्वतः बघायला ते आले नाहीत.

"नाही दिसत," ताई म्हणाली.

पावणेबाराला सूनबाई आली. फोन हातातच होता. टेबलावर पाटी पाहून ती थबकली. जवळ गेली, तिरकी धरली, आणि या वेळी 'छान' म्हणाली नाही. पर्स उघडून तिने आपलं दात तपासायचं आकडीसारखं बारीक हत्यार काढलं आणि अक्षरांच्या कडांवरून फिरवायला लागली. 'द' झाला, 'त' झाला. 'खा'च्या पोटात आकडी थांबली.

"बाबा, इथे अडकतंय."

ताईने तिच्याकडे असे डोळे वटारले की माझेच डोळे दुखले. पण भाऊजींनी नळी खाली ठेवली आणि चष्मा लावून आले. "कुठे?"

"इथे. आत वळताना कंगोरा राहिलाय."

त्यांनी बोट फिरवलं. "हं. पात्याची धार गेली शेवटी. घासून काढतो."

"आणि खालच्या वेळा फार बारीक आल्यात. माझ्याकडे म्हातारी माणसं येणार, त्यांना रस्त्यावरून दिसणार नाहीत."

"आकडे केवढे हवेत ते मी तुला विचारलं होतं. तू म्हणालीस, एवढे चालतील."

"तेव्हा चुकलं माझं. कागदावर मोठे वाटले."

"कागदावर बघून ठरवायचं नसतं. भिंतीला लावून, रस्ता ओलांडून बघायचं."

"तेव्हा सांगायचं ना मग."

"विचारलंस कुठे?"

ताई माझ्याजवळ येऊन कुजबुजली, "भांडतायत की काय गं हे?" मी म्हटलं, "बघू दे."

"खालचा भाग कापून टाकू," भाऊजी बोटाने रेघ मारत म्हणाले, "आणि वेळांची वेगळी पट्टी करू. दुप्पट उंचीची. उद्या वेळ बदललीस तर तेवढीच पट्टी बदलता येईल."

सूनबाईने मान तिरकी करून विचार केला. मग फोन लावला. "हं, मी बोलतेय. नको, पाटी नकोय मला. नाही, दुसरीकडे नाही दिली. आमच्याकडे मिळालाय माणूस." फोन ठेवून तिने आकडी पुसली, पर्समध्ये टाकली, आणि भाऊजींकडे वळली.

"पट्टी कधी द्याल?"

"बुधवारी सकाळी."

"बाबा, बुधवारी सकाळी भिंतीला लावायचीय. मला उद्या संध्याकाळी हवी."

"पातं बदलायचंय, चाकं पुन्हा लावायचीत. उद्या रात्री."

"सात वाजता."

"आठ."

"साडेसात," सूनबाई म्हणाली, "आणि त्या आधी मी येऊन एकदा बघून जाईन."

"बघून जा," भाऊजी म्हणाले, आणि ताईकडे वळून पान्यासाठी हात पुढे केला.